शेटेंचा शिक्का आणि मिठाची पायली

नदीकाठच्या एका पेठेत रेवणशेट नावाचे एक शेटे होते. शेटे म्हणजे पेठेचा मुख्य माणूस. दरवर्षी तिथे पाच दिवसांची जत्रा भरे आणि दूरदूरचे व्यापारी माल घेऊन येत.

आता व्यापारी म्हणजे आज इथे, उद्या तिथे. त्यांचं भांडण महिनाभर कोण ऐकत बसणार? म्हणून जत्रेचा न्याय वेगळा. सकाळी तक्रार आली की दिवस मावळायच्या आत निकाल. निकाल होईपर्यंत शेटेंनी पायाची धूळ धुवायची नाही आणि पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. मग काय, निकाल भराभर लागत!

तिसऱ्या दिवशी पेठेतलाच गुरप्पा वाणी, शेटे न्यायाला बसत त्या पारावर तावातावाने आला. त्याने लखू वंजाऱ्याला दंडाला धरून आणलं होतं. लखू कोकणातून बैलांवर मीठ लादून आणायचा.

"शेटे, हा लुच्चा आहे!" गुरप्पा ओरडला. "याची पायली खोटी आहे. सगळ्यांना कमी मीठ घालतो."

देवळातली दगडी पायली, म्हणजे पेठेचं खरं माप, आणली. लखूची लाकडी पायली मिठाने भरून तिच्यात ओतली. खरंच की! चांगलं दोन मुठी मीठ कमी भरलं. गर्दीत एकच गलका झाला.

लखूचा चेहरा पांढराफटक पडला. खोट्या मापाची शिक्षा त्याला ठाऊक होती. माप फोडायचं, मीठ आणि बैल जप्त करायचे, आणि पुढच्या साऱ्या पेठांना निरोप धाडायचा की याला उभं करू नका. बैल गेले तर वंजाऱ्याजवळ उरतं काय? त्याचा तांडा त्याच संध्याकाळी निघणार होता.

"मायबाप, आमच्याकडे पायली एवढीच असते," तो हात जोडून म्हणाला. "आणि तुमचा शिक्का आहे ना हिच्यावर! कमी होती तर पहिल्याच दिवशी सांगायचं होतं. मी वर दोन मुठी घातल्या असत्या."

ते खरंच होतं. गावोगावची मापं निराळी, म्हणून पहिल्या दिवशी शेटे प्रत्येक पाहुण्याचं माप दगडी पायलीशी ताडून बघत आणि मगच तापल्या लोखंडाने शिक्का उठवत.

"शिक्का उठल्यावर काठ तासला असणार याने!" गुरप्पा म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. परक्याबद्दल वाईट ऐकायला कुणाला आवडत नाही?

रेवणशेटांनी पायली हातात घेतली. काठावरून बोट फिरवलं. काठ जुना होता, मिठाने झिजून गुळगुळीत झालेला. तासल्याची खूण कुठेच नव्हती. आणि त्यांना तो पहिला दिवस आठवला. साठ मापांची रांग, डोक्यावर ऊन. वीसेक मापं नीट बघितली आणि पुढे कंटाळा आला. बाकीच्यांवर नुसते शिक्के मारले, धडाधड.

गुरप्पा कानाशी लागला. "शेटे, कशाला एवढा विचार? 'तासली' म्हणा आणि मोकळे व्हा. परका माणूस, संध्याकाळी जाणार. तुम्हाला मात्र इथेच राहायचंय."

दिवस कलायला लागला होता. शेटेंच्या घशाला कोरड पडली होती. एक शब्द बोलले असते तर सुटले असते. खरं सांगितलं तर मान जाईल, अशी भीतीही वाटली त्यांना. तीस वर्षांचा मान होता त्यांचा.

त्यांनी लखूकडे बघितलं. तो बैलाच्या मानेवर हात ठेवून उभा होता.

रेवणशेट उठले. "लोकहो, ही पायली कुणी तासलेली नाही. मी ती न बघताच शिक्का मारला. चूक माझी आहे, लखू निर्दोष आहे."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "बरं झालं बाई, सांगितलंत ते! नाहीतर गरीब हकनाक मेला असता." आणि लोक हसले, अगदी मोकळं हसले. गुरप्पा कधी सटकला ते कुणालाच कळलं नाही.

लखू मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "ज्यांनी मीठ नेलंय त्यांनी या, दोन दोन मुठी घेऊन जा." शेटे स्वतः त्याच्या शेजारी बसून मुठी घालू लागले. त्यानंतर त्यांनी उरलेली चाळीस मापं एक एक करून ताडली. अकरा चुकीची निघाली. तीळ विकणाऱ्या एका बाईचं माप तर मोठं होतं. बिचारी तीन दिवस जास्तच देत होती!

संध्याकाळी तांडा निघाला आणि लखू आपले सगळे बैल घेऊन त्याच्याबरोबर गेला. पुढच्या वर्षी त्या जत्रेत दुप्पट व्यापारी आले. वाटेत जो भेटेल त्याला लखू सांगत सुटला होता, "तिथे बिनधास्त जा. तिथला शेटे स्वतःच्या विरुद्धसुद्धा निकाल देतो."

तात्पर्य: आपली चूक झाकायला दुसऱ्याचा बळी देऊ नये; चूक कबूल केल्याने मान जात नाही, लोकांचा विश्वास वाढतो.