आबांचा खुराक

“मग आणखी काय खाऊ घालू, वस्ताद?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

इलाही वस्ताद तालमीच्या हौदातली लाल माती फावड्यानं खणत होते. ऐंशी पार केलेला माणूस. अंगावर लंगोट आणि हाडं, एवढंच दिसायचं. पण फावडं मातीत शिरलं की दंड दोरीसारखा ताठ व्हायचा. जुन्या कुस्त्या त्यांना अजून डावासकट आठवायच्या. हरलेल्याचं नावसुद्धा.

मी आबांना, माझ्या वडिलांना, गाडीवरून उतरवून हौदाच्या कडेला खुर्चीत बसवलं होतं. वस्ताद त्यांना नावानंच, सर्जा म्हणून, हाक मारायचे.

माझा थोरला भाऊ उदाजी याच तालमीतला. यंदा उसाच्या ट्रॉलीखाली गेला. तेव्हापासून आबा बसले ते बसलेच. आता विसरायलाही लागले होते. मला बघून म्हणायचे, “उदा, जेवलास का?” मी हो म्हणायचो. मग परड्यात जाऊन रडायचो.

“दूध, तूप, बदाम... उदादादाचा सगळा खुराक त्यांना घालतोय,” मी म्हणालो. “काट्यावर उभं करतो. वजन वाढलंय त्यांचं!”

“पोट वाढलंय. मांडी बघ की.”

मी बघितली. धोतरात मांडी अशी नव्हतीच...

“आंघोळ कोण घालतं?”

“मीच.”

“घास?”

“मीच भरवतो.”

“आणि उठवतं कोण?”

“मीच उचलतो की. त्यांना कशाला त्रास?”

वस्ताद हसले. “म्हंजे मेहनत तू करतोस आणि खुराक ह्यो खातोय. मग पैलवान कोण रं?”

“चेष्टा नको, वस्ताद! एक गेलाय घरातला. हेही चाललेत... मला ओळखत नाहीत आता.”



फावडं ठेवून वस्ताद आबांच्या खुर्चीपुढं आले आणि खाली जमिनीवर बसले. आबांकडं हात पुढं केला.

“सर्जा, गुडघा धरला बघ. उठव मला.”

मी धावलो. त्यांच्या काखेत हात घालणार तोच त्यांनी माझं मनगट पकडलं. मी जवान गडी. झटका दिला... सुटेना.

“तुला बोलावलं का मी?”

आबा बघत राहिले. मग त्यांनी खुर्चीच्या हातांवर पंजे रोवले. थोडे उठले. धपकन परत बसले. मी तोंड फिरवलं.

“सर्जा, बसू का मी हितंच?”

“थांबा की, वस्ताद! घाई कशाला?”

आबांनी कुणाला दटावलेलं मी कितीतरी दिवसांनी ऐकलं.

त्यांनी पुन्हा जोर लावला. मान थरथरली, पोटऱ्या थरथरल्या... आणि आबा उभे राहिले. पाय फाकवून वाकले, वस्तादांचा हात धरला.

“पाय आधी पोटाशी घ्या,” ते म्हणाले, “न्हाईतर दोघंबी आपटू.”

वस्ताद उठले. त्यांनी किती भार आबांवर टाकला आणि किती स्वतः उचलला, शेजारी उभा असून मला कळलं नाही.

आबा धापा टाकत होते. कपाळावर घाम होता. हाताला लागलेली माती बघून ते हळूच हसले.

“उदा असता तर मला खुळ्यात काढलं असतं,” ते म्हणाले.

उदादादा गेलाय हे ते पहिल्यांदाच बोलले. मला तिथंच रडू फुटलं.

जरा वेळानं मी डोळे पुसले. “घरी नेऊन निजवू का यांना? दमलेत.”

वस्ताद हौदात उतरले. फावडं उचललं.

“निजव. पण उद्या सकाळी मी परत पडणार हाय. सर्जाला चालवत आण.”