चार आवाजांची पंगत

"मग चुकलं कुठं, एवढं तरी सांगा, मास्तर."

बाबालाल मास्तर अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मीटर लावून केलं होतं सगळं," शर्वरी म्हणाली. "गिटारचे चारही आवाज सारखे. अर्ध्या डेसिबलचासुद्धा फरक नव्हता."

"कुठं केलंस?"

"घरी. माझ्या खोलीत, हेडफोन लावून."

"खोलीत जत्रा भरली हुती?"

शर्वरीनं गळ्यातल्या गिटारचा पट्टा सारखा केला.

सिद्धोबाच्या जत्रेचं स्टेज उभं राहिलं होतं. चैत्रातलं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. संध्याकाळी सहा वाजता तिचा आणि भरतचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होता.

शर्वरी मगदूम याच गावची. चार वर्षं जर्मनीत ध्वनीचं शिक्षण घेऊन ती दिवाळीत परत आली, ती एक स्वप्न घेऊनच. आपल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या, आपली पेरणीची गाणी जगातल्या कुठल्याही रंगमंचाच्या तोडीनं ऐकू यावीत, आणि सुरुवात आपल्याच गावात व्हावी. ओव्या गायला शाळेतला सोबती भरत कोळी होता. त्याचा आवाज पातळ, पण असा खरा की ऐकणारा हातातलं काम ठेवून थांबे.

तिच्या पायाशी पाटीएवढं एक यंत्र होतं. त्यात गिटारचे चार आवाज तिनं तयार करून ठेवले होते. पहिला स्वच्छ. दुसरा जरासा खरखरीत. तिसरा फाटका, गुरगुरणारा. चौथा सोलोसाठी, लांबवर घुमणारा. पायानं बटण दाबलं की आवाज बदले.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावात पहिला आवाज कुणाला ऐकूच आला नाही, आणि तिसऱ्यानं भरतला पार गाडून टाकलं. अर्धं मैदान उठून गेलं.

भरत तेव्हा वायरी गुंडाळू लागला. आज सकाळी मात्र शाळेतली बाजाची पेटी मागून, सायकलला बांधून घेऊनच आला.

"आज पण तसंच झालं, तर उद्यापासनं मी आणि ही पेटी," तो म्हणाला. "राग न्हाई गं. घसा एकच हाय माझा."

म्हणून ती मास्तरांकडे आली होती. मास्तरांनी चाळीस वर्षं बेंजो पार्टी चालवली. आता बोटं आखडली होती, पण पंचक्रोशीत कुठंही साउंड लावायचं म्हटलं की त्यांच्या कानाला विचारल्याशिवाय कुणी पुढं जात नसे.

"वाजव," मास्तर म्हणाले. "मी तिकडं हुबा राहतो."

ते मैदानाच्या पार टोकाला, उसाच्या रसाच्या गाड्याशी जाऊन उभे राहिले.

भरतनं ओवी धरली. शर्वरीनं पहिला आवाज छेडला.

लांबून मास्तरांनी कानामागं हात धरला. ऐकू येत नव्हतं.

तिनं पहिला चढवला. मग त्याच्यापुढं दुसरा मिळमिळीत वाटू लागला. दुसरा चढवला. आता तिसऱ्यात दम राहिला नाही. तोही चढवला. तेवढ्यात पहिला पुन्हा बारीक वाटायला लागला...

स्पीकरनं कर्कश शिट्टी मारली. रसवाल्यानं दोन्ही कानांत बोटं घातली. भरत गाता गाता थांबला आणि तांब्यातलं पाणी प्याला. तिसऱ्यांदा.

मास्तर चालत परत आले.

"जिना चढतीयास."

"अजून थोडं हेडरूम आहे, मास्तर. म्हणजे वर जायला जागा आहे."

"वर जागा हाय गं. वर ऱ्हातंय कोण?"

शर्वरीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. चार वर्षं शिकलेलं सगळं एका बेंजोवाल्यापुढं तोकडं पडत होतं.

"चला, जेवायला," मास्तर म्हणाले.

"तुम्ही जा. मी नंतर येते."

"सिद्धोबाच्या पंगतीला नंतर नसतंय."

देवळापुढच्या मांडवात पंगत बसली होती. दोनेकशे माणसं एका ओळीला लागून दुसऱ्या ओळीत. पत्रावळीवर भात, आमटी, वांग्याची भाजी, खपली गव्हाची खीर. शर्वरी मास्तरांशेजारी बसली. डोक्यात आकडे फिरत होते. पाच मिनिटांत तिचं पान स्वच्छ झालं आणि ती उठू लागली.

मास्तरांनी पालथा पंजा हवेत धरला आणि हळूच खाली दाबला.

ती बसली.

"झालंय माझं."

मास्तरांनी हनुवटीनं समोरच्या ओळीकडे दाखवलं.

तिथं एक म्हातारा बसला होता. तोंडात एकही दात नव्हता. भात आमटीत कालवून, एकेक घास जिभेवर घोळवून, डोळे मिटून तो जेवत होता. आजूबाजूच्या सगळ्यांची पानं रिकामी होती. हात वाळत होते. तरी उठायचं नाव कुणी काढत नव्हतं.

वाढपी खिरीचं भांडं घेऊन म्हाताऱ्यापुढं थांबला.

"आण्णा, वाढू?"

"इलुशी."

पंगतीत कुणीतरी उसासा टाकला. कुणीतरी हसलं. शर्वरीशेजारची बाई म्हणाली, "जेवू दे की सावकाश. वरसातनं एकदा तर येतंय म्हातारं."

शर्वरी म्हाताऱ्याकडे बघत राहिली...

त्यानं शेवटचा घास घेतला, बोटं चाटली आणि हात जोडले. 'चांगभलं'चा गजर झाला आणि दोनशे माणसं एकदम उठली. कुणी आधी नाही, कुणी मागं नाही.

स्टेजवर परतल्यावर मास्तरांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि यंत्राच्या पडद्यावर टाकलं. आकडे झाकले गेले.

"आता कुणाला विचारू?"

"तुझं तुला ठावं," म्हणून ते गाड्याकडे चालू लागले.

शर्वरीनं गिटार पुन्हा गळ्यात अडकवली. मग भरतकडे वळली.

"भरत, घरी तुझ्या आत्यासमोर बसून गातोस ना, तसं गा. तेवढ्याच आवाजात."

"इथं पोचंल का ते?"

"गा तर खरं."

भरत गाऊ लागला. तिनं त्याचा माइक साफ ऐकू येईल असा लावला आणि मग आपल्या पहिल्या, स्वच्छ आवाजाला त्याच्या जरा खाली बसवलं. पुढचे दोन तिनं चढवले नाहीत, खाली आणले. घरी गोड वाटलेला जाड खर्ज मैदानात नुसताच घुमत होता. तो तिनं कापला, मधले सूर ठेवले. तिसरा, ज्याचा तिला सगळ्यात जास्त अभिमान होता, तो खाली आणताना तिचा हात दोनदा थबकला. हवेत पालथा पंजा दिसल्यासारखं झालं. तिनं तोही खाली आणला.

ती एकामागून एक बटणं दाबत गेली. पहिला, तिसरा, दुसरा, पहिला. आवाजाचा रंग बदलत होता. ओवी जागची हलत नव्हती.

मैदानाच्या टोकाला मास्तरांचा हात कानामागं गेला नाही. हातात रसाचा ग्लास होता आणि मान डोलत होती. रसवाल्यानं चरक थांबवला होता.

ओवी संपली. भरतनं तांब्याकडे पाहिलंही नाही. स्टेजवरून उतरून तो सायकलला बांधलेल्या पेटीची दोरी पुन्हा आवळू लागला.

"निघालास?" शर्वरी स्टेजच्या कडेला धावली.

"शाळेत देऊन येतो ही. शिपाई पाचला कुलूप लावतो."

"उद्या दिली तर नाही चालणार?"

"ठेवून काय करू?" भरत पायडलवर पाय ठेवत म्हणाला. "लागणार न्हाई आता."

मास्तर परत आले. त्यांनी उपरणं उचललं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

शर्वरी त्यांच्या पाया पडायला वाकली आणि अर्ध्यातच थांबली.

"मास्तर... चौथा राहिला."

"कुठला?"

"सोलोचा. भरत थांबतो, तेव्हा मी एकटी वाजवते. तिथं मला सगळ्यांच्या वर यायचंय." तिनं मान खाली घातली. "म्हणजे... ते चूक आहे का?"

"चूक कशापायी? ऊठ की."

"मग पंगत?"

मास्तरांनी देवळाकडे पाहिलं. तिथं दुसरी पंगत बसत होती...

"पंगतीत जो हुबा ऱ्हातो, पोरी, त्याच्या हातात वाढायचं भांडं असतंय."