आजोबांचे जोडे

आपल्या राज्याचा शेजारच्या राज्याशी असलेला सीमेचा तंटा मिटला, दोन राजांनी तह केला, असे राजकन्या रेणुमतीने सात समुद्रांपलीकडच्या विद्यापीठात ऐकले. आता शिवेवरच्या गावाला जमिनीच्या सनदा वाटायच्या, एवढेच काम उरले, असे समजून ती परतली. येऊन पाहते तो काय! तीनशे घरांच्या त्या गावात रोज सूर्योदयाला शेतांचे बांध चालू लागत. आज पेरलेले शेत उद्या नदीत असे.

"सनद आणली आहे. दोन्ही राजांच्या मुद्रा आहेत," रेणुमती म्हणाली.

"बांधाला वाचता आलं असतं तर थांबला असता, बाईसाहेब," हौसाबाई म्हणाली. गावातला पहिला नांगर तिच्या सासऱ्याने धरला होता. "चाळीस वर्षं कसतोय. यंदा पीक आलं नाही तर गाव उठणार."

शिवेच्या दगडावर टिटवी बसली होती. ती बोलली, "इथले दिव्य खोटे झाले. दगडाखालची माती आण, साक्षीची समई आण, आणि शीव चालणाऱ्याचे जोडे आण."

दिव्य म्हणजे खऱ्याखोट्याची कसोटी; त्या मुलखात तिची रीत अशी होती. शिवेचा वाद पडला की एकाने डोक्यावर मातीचे ढेकूळ घ्यायचे आणि 'माझ्या पायाखालची माती माझी' असे म्हणत चालायचे. तो चालेल ती शीव. रेणुमतीचे आजोबा असेच चालले होते आणि त्यांनी जिंकलेल्या जमिनीवर हे गाव वसले होते.

दगडाखाली नाग होता. रेणुमतीच्या कुळाचे नाव ऐकून तो फूत्कारला, पण सरकला. माती काळीभोर होती. समई एका मांत्रिकाच्या गुहेत होती. खोट्याजवळ तिची ज्योत काळी पडे. मांत्रिकाने मोल म्हणून, शीव खरी ठरेपर्यंत, तिची सावली मागितली. रेणुमतीने दिली.

जोडे मात्र तिच्याच देवघरात, फुलांखाली होते. समई जवळ नेताच ज्योत काळी पडली. तिने जोड्यांचा तळ उसवला. आत राजवाड्याच्या अंगणातली तांबडी माती होती.

"हे बाहेर पडलं तर मुलूख जाईल, रेणू," तिचा पिता, राजा म्हणाला. "आणि शेजारचा राजा ती घरं ठेवील?"

 रेणुमतीने दोन्ही राजांना नव्या दिव्यासाठी बोलावणारे शिंग फुंकले आणि जोडे हौसाबाईला नेऊन दाखवले.

हौसाबाईने ती माती चिमटीत चोळली. "तुमची जोड्यात होती. आमची नखांत आहे. ती कुणी बघितलीच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही राजे शिवेवर उभे राहिले. राजकन्या चालणार म्हणून ढेकूळ तिच्यापुढे आणले. रेणुमतीने फाटके जोडे शेजारच्या राजासमोर ठेवले.

"मुलूख तुमचा. पण शेताची शीव आज राजघराण्यातलं कुणी चालणार नाही."

तिने ढेकूळ उचलून हौसाबाईच्या डोक्यावर दिले आणि स्वतः समई घेऊन मागे निघाली. "माझ्या पायाखालची माती माझी," हौसाबाई म्हणाली, आणि अनवाणी चालू लागली. ज्योत पांढरीशुभ्र राहिली. दोन्ही राजांनी माना लववल्या. बांध जागच्या जागी बसत गेले, आणि काळ्या ढेकळांवर रेणुमतीची सावली परत पडली.