राणीच्या झाडाचा शेंडा

एका राज्यात राजा आणि माळीण टोमॅटोच्या बागेत भांडत होते, आणि भांडणाला तिसरा दिवस उजाडला होता.

"पानाला शिवलीस तर हात उरणार नाही, भिवाई!"

"नसू दे. तुला न्हाऊमाखू घातलंय ह्या हातानं, त्याचं काम झालं. पण राजा, ह्या रानात तुझी आई कुठं उरलीय ते दाखव मला."

बाग थोरल्या राणीसाहेबांची. त्या गेल्या तेव्हा राजा मृगांकसेनानं दवंडी पिटवली, आईच्या झाडाचं पानसुद्धा कुणी तोडू नये. एका मांत्रिकानं औषधापुरतं एक पान मागितलं, तेही त्याला मिळालं नाही. मांत्रिक म्हणाला, "जितकं जपशील, तितकं विसरशील." आणि निघून गेला.

तेव्हापासून झाडांच्या काखाकाखांतून, पान खोडाला जुळतं तिथून, फुटवे निघाले. वेड्या राजानं एकेका फुटव्याला चांदीची काठी दिली, रेशमानं बांधलं. झाडं सज्ज्यावर चढली, खिडक्या अंधारल्या, बारीक हिरव्या गोट्या काही पिकेनात. आणि फुटव्यागणिक राजा आईला विसरत गेला. आधी तिची ओवी गेली, मग आवाज. आता चेहराही पुसट होत चालला होता.

मांडवावरून साळुंकी बोलली, "आई परत आठवायला हवी तर राजानं आपल्या हातानं तीन गोष्टी खुडाव्यात. तळची पिवळी पानं, काखेतले फुटवे आणि शेंडा."

चेहरा जाईल ह्या भयानं राजा पुढं झाला.

"दव सुकू दे आधी," भिवाई म्हणाली. "ओल्या झाडाला नख लावलं की ते सडतं. एवढंही शिकवलं नाही का तुझ्या पंडितांनी?"

ऊन चढलं. राजानं रडत पानं खुडली. ओवी परत आली. फुटवे चिमटीत धरून मोडले. बोटं हिरवी-काळी झाली, त्यांना उग्र वास सुटला, आणि राजा थबकला. ह्याच वासाच्या हातानं आई त्याला भात भरवायची. "सावकाश रे," असा तिचा आवाज कानी आला.

शेंड्यापाशी मात्र तो अडला. "आईच्या झाडाचं डोकं मी उडवू?"

"नाही उडवलंस तर झाड नुसतं आभाळाकडं धावेल. फळाला काय उरणार?"

"नाही म्हणजे नाही!"

पुढं त्यानं शेंडा खुडला. बघता बघता घोस लालबुंद झाले, खिडक्यांत उजेड आला, मांत्रिकाकडं टोपलीभर पाला पोचला, आणि आईचा चेहरा गालावरच्या तिळासकट राजाला लख्ख दिसला. पण त्याचा तो हट्ट सुटला भिवाईच्या एका बोलण्यानं. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली होती,

"तिनं लावलेलं सगळं राखलंस, लेकरा, पण रोज सकाळी खुडायला यायची ती तुझी आई, आणि तिलाच तू बागेबाहेर ठेवलंस."