निळ्या टॅक्सीला किल्ली

एकदा एका गावात पत्र्याच्या जुन्या, किल्लीवर चालणाऱ्या खेळण्यातल्या मोटारी जमवणारे एक वृद्ध गृहस्थ राहत होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. उल्का नावाची चाळिशीची बाई आठ वर्षांपासून त्यांच्याकडे हे शास्त्र शिकत होती. हो, शास्त्रच! हसू येत असेल त्याने तसली एक मोटार उघडून पुन्हा जुळवून दाखवावी.

तात्यांचा एक दंडक होता. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी प्रत्येक मोटारीला किल्ली द्यायची, ती जमिनीवर धावू द्यायची आणि मगच दुसऱ्या दिवशी पूजेत तिला झेंडूचं फूल वाहायचं. हे काम तात्यांनी उल्कावर सोपवलं होतं. ती ते निष्ठेने करी, पण निळ्या टॅक्सीला मात्र सहा वर्षं गुपचूप वगळत आली होती. साठ वर्षांपूर्वीची ती मोटार मूळ खोक्यासकट शाबूत होती. स्प्रिंग तुटली तर काय, या धास्तीने उल्का तिला नुसतंच फूल वाही.

त्या वर्षी नेमके खंडेनवमीच्या आदल्या दिवशी संग्राहक मंडळाचे अध्यक्ष, एक बडे कापड व्यापारी शेठजी, स्वतः तात्यांच्या घरी आले. मंडळाच्या दालनात निळी टॅक्सी कायमची काचेआड ठेवायची आणि खाली तात्यांचं नाव कोरायचं, असं ठरत होतं. अट एवढीच की मोटार कधी उघडलेली नसावी. आपल्या गुरूचं नाव तिथे लागावं म्हणून उल्काने वर्षभर मंडळाचे उंबरठे झिजवले होते.

शेठजींनी टॅक्सी उलटसुलट न्याहाळली. "वा! अगदी कोरी आहे."

तात्यांनी ती त्यांच्या हातून काढून घेतली आणि सरळ किल्ली दिली.

"अहो, हे काय करताय!" शेठजी ओरडले.

टॅक्सी जागची हलली नाही.

"तात्या, चूक माझी आहे," उल्का म्हणाली. "सहा वर्षं मी हिला चालवलंच नाही. भीती वाटली हो मला."

तात्या रागावले नाहीत. "स्प्रिंग ठणठणीत आहे. आतलं तेल गोंदासारखं घट्ट होऊन दातेरी चाकं जखडलीत. उल्के, खंडेनवमीला आपण पूजा कोणाची करतो? वर्षभर राबलेल्या अवजाराची. हिला तू बसवून ठेवलंस आणि वर फूल वाहिलंस. देवाचं ताम्हण रोज घासून झिजतं, म्हणून कोणी ते माळ्यावर टाकतं का? ज्या कारागिराने ही घडवली, त्याने ती धावण्यासाठी घडवली. तिला अडवायचा हक्क मला नाही, आणि या मंडळाला तर मुळीच नाही."

मग त्यांनी तिच्यापुढे पक्कड ठेवली. "उघडायची तर खालचा पत्रा धरून ठेवणाऱ्या बारीक जिभा वाकवाव्या लागतील. खुणा कायमच्या राहतील आणि दालन हुकेल. काय करायचं ते तू ठरव."

"ताई, तात्या हट्टाला पेटलेत, तुम्ही तरी शहाणपणाने वागा," शेठजी म्हणाले. "बंद पडली तर पडली. काचेआड कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," उल्का म्हणाली.

तिचा संताप झाला होता. सहा वर्षं आपणही हाच विचार केला, याची लाज त्या संतापात अधिक होती. तिने पक्कड उचलली आणि चारही जिभा वाकवल्या. रॉकेलने आतली चाकं धुतली, तेलाचा थेंब सोडला, पत्रा पुन्हा बसवला. शेठजी फजिती बघायला थांबूनच होते. तिने किल्ली देऊन टॅक्सी जमिनीवर ठेवली. टॅक्सी खरखरत निघाली आणि थेट शेठजींच्या पायावर जाऊन आदळली.

"आता दालनात तात्यांचं नाव लागणार नाही!" शेठजी कडाडले.

"नका लावू," उल्का म्हणाली. "पाय तेवढा बाजूला घ्या. तिला पुढे जायचंय."

शेठजींनी पाय मागे घेतला.