पदराच्या नऊ गाठी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजाच्या वाड्याला दारं होती, पण ती दिवसा कुणी लावत नसे.

समुद्राकाठच्या त्या राज्यात एक बाई राहत होती. ती दुसऱ्यांसाठी लिहीत असे. कुणाचं लेकीला पत्र, कुणाचा भावाकडे निरोप, कुणाचा राजाकडे अर्ज. कागदावर तिचं नाव कुठेच नसे. ज्याचा अंगठा त्याचे शब्द, असा तिकडचा रिवाज होता. लोक तिला पत्रमावशी म्हणत.

तिची लिहिण्याची रीत मात्र न्यारी होती. कुणी बोलावलं की ती लगेच बोरू उचलत नसे. आधी दिवसभर त्या माणसाबरोबर त्याचं काम करी. कुंभाराकडे माती मळी, धनगराबरोबर मेंढरं हाकी. हात कामात असले की माणूस खरं बोलतो, असं ती म्हणे. त्याच्या तोंडून लिहिण्याजोगं वाक्य निघालं की ती पदराला एक गाठ मारी. दिवस कलला की एकेक गाठ सोडत ते ते वाक्य कागदावर उतरवी. जितक्या गाठी तितकी वाक्यं.

एकदा एका सासुरवाशिणीचं पत्र ऐकून तिचा बाप म्हणाला, "ही तर माझी पोरच बोलतेय. बोलता बोलता मध्येच थांबते ना, तशीच थांबली बघा." पत्रमावशीला याहून मोठं बक्षीस नको असे.

त्या राज्यात एक कडक नियम होता. राजाच्या वडिलांच्या काळी गोड लिहिणाऱ्यांनी लबाड माणसांचे अर्ज मंजूर करून घेतले होते. म्हणून या राजाने ठरवलं होतं, अर्ज दरबारात वाचला जाईल आणि त्यातल्या कुठल्याही वाक्याबद्दल अर्जदाराला विचारलं जाईल. ते वाक्य त्याचं नाही असं निघालं, तर अर्ज तिथेच फाडला जाईल. आणि ज्याने ते घुसडलं तो सापडलाच, तर त्याची लेखणी काढून घेतली जाईल.

एके वर्षी खाडीकाठच्या मिठागरांवर संकट आलं. खाडीच्या तोंडाशी बांध घालायचा, समुद्राचं पाणी अडवायचं आणि तिथे भात पिकवायचा, असं प्रधानाने राजाच्या मनात भरवलं. मिठावर जगणारी चाळीस घरं होती. त्यांनी आपल्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला पुढे केलं. तो पत्रमावशीकडे आला.

"बाय, मला बोलता येत नाही गो," तो म्हणाला. "तू लिही काहीतरी."

"उद्या पहाटे येते बाबा. तुमच्याबरोबर राबते. मग बघू बोलता येतं की नाही."

दुसऱ्या दिवशी ती गुडघाभर खाऱ्या पाण्यात उतरली आणि पहिल्याच पावलाला घसरून बसकन पडली. मीठ ओढणाऱ्या बायका खो खो हसल्या. एक म्हणाली, "मावशी, कागदावर चालणं सोपं हां."

"म्हणून तर तिथे चालते," मावशी म्हणाली आणि भिजलेला पदर खोचून उठली.

म्हातारा पायाने वाफ्याचा तळ तुडवत होता. तुडवता तुडवता म्हणाला, "पाणी आम्ही आणत नाही. ते येतं. आम्ही त्याला थांबायला जागा देतो." मावशीने पहिली गाठ मारली. दुपारी म्हणाला, "खारी जमीन मीठ विसरत नाही." आणखी एक गाठ. उन्हं उतरेपर्यंत नऊ गाठी झाल्या.

मिठागराच्या बांधावर बसून तिने नऊ वाक्यं लिहिली. मग ती थांबली. चाळीस घरांचा प्रश्न होता, आणि ही वाक्यं तिला फार साधी, फार कोरडी वाटली. राजाचं मन हललं नाही तर? समोर सूर्य समुद्रात टेकला होता. तिच्या मनात आपसूक एक वाक्य आलं: "समुद्र आमची आई आहे, आणि मीठ हे तिचं दूध." किती सुंदर वाक्य. तिने ते लिहून टाकलं.

मग रिवाजाप्रमाणे तिने सगळं वाचून दाखवलं. म्हातारा मान डोलवत ऐकत होता. शेवटच्या वाक्याला त्याची मान थांबली.

"असं लिहितात का?" त्याने विचारलं.

"कागदावर शोभतं बाबा."

"तुला कळतं बाय," म्हणून त्याने अंगठा उठवला. त्याची थांबलेली मान तिने पाहिली होती. पण पाहूनही तिने पाहिली नाही असं केलं.

राजधानी दूर होती. दोघं तशीच, अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली आणि सकाळी दरबारात पोचली. म्हातारा पुढे उभा राहिला. मावशी मागे, गर्दीत.

अर्ज वाचला गेला. शेवटचं वाक्य ऐकून दरबार वाहवा म्हणाला. मावशीला क्षणभर बरं वाटलं.

राजा म्हणाला, "आजोबा, समुद्र तुमची आई आहे?"

म्हाताऱ्याने एकदा कागदाकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही महाराज. समुद्राने माझे दोन भाऊ नेले. मी त्याला आई कसा म्हणू?"

प्रधानाने अर्ज फाडायला हात पुढे केला.

मावशी गप्प राहिली असती तर तिला कुणी ओळखलं नसतं. कागदावर तिचं नाव नव्हतं. लेखणी तिच्याकडेच राहिली असती. पण मग चाळीस घरं बुडाली असती, आणि म्हातारा खोटा ठरला असता. ज्याने आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच इतकं खरं, इतकं उघड सांगितलं होतं, तो.

ती गर्दीतून पुढे आली.

"महाराज, ते वाक्य माझं आहे. यांचं नाही. यांची मान थांबली होती, ती मी पाहिली होती. चूक माझी."

प्रधान म्हणाला, "एक वाक्य तुझं, तर बाकीची नऊ यांची कशावरून?"

मावशीने पदर पुढे धरला. खाऱ्या पाण्यात भिजून तो तसाच वाळला होता. गाठी सोडल्या होत्या, पण त्यांच्या चुण्या मिठाने कडक होऊन तशाच राहिल्या होत्या.

"मोजा," ती म्हणाली. "यांच्या तोंडून जेवढं आलं तेवढ्याच गाठी मारल्या. दहावी नाही."

राजाने स्वतः बोट लावून मोजल्या. नऊच होत्या. त्याने प्रधानाला अर्ज खाली ठेवायला सांगितलं.

मग तो म्हाताऱ्याकडे वळला. "खारी जमीन मीठ विसरत नाही, म्हणजे काय?"

आता म्हातारा बोलला. मध्ये कागद नव्हता, मावशीची लेखणी नव्हती, तरी बोलला. "माझ्या आजाने वरच्या कोपऱ्यात बांध घालून भात लावला होता. पहिल्या साली हिरवा. दुसऱ्या साली पिवळा. तिसऱ्या साली गवतसुद्धा नाही. तो कोपरा अजून पांढरा पडलाय महाराज. ना भात, ना मीठ. माणूस पाठवून बघा."

राजाने माणूस पाठवला. कोपरा पांढराच होता. बांधाचं काम थांबलं, आणि चाळीस घरांनी पुढच्या उधाणाचं पाणी आपल्या वाफ्यांत घेतलं.

पण नियम तो नियम. राजाने मावशीचा बोरू मागितला. त्याच बोरूने त्याने दहावं वाक्य खोडलं, आणि म्हणाला, "हा वर्षभर माझ्याकडे राहील."

ते वर्ष मावशीने मिठागरात काढलं. आता ती घसरत नसे. गावात दुसरे लिहिणारे होते. तरी पुष्कळ लोकांनी पत्रं लिहून घेतलीच नाहीत. विचारलं तर म्हणत, "थांबू की. आमच्यासारखं लिहिणारी एकच आहे."

वर्ष सरलं. राजाने बोरू परत पाठवला, आणि नवा रिवाज घातला. तेव्हापासून अंगठा उठवण्याआधी लिहिणारा गाठी मारलेला पदर किंवा उपरण्याचा काठ अर्जदाराच्या हातात देई. अर्जदार एकेक वाक्य ऐके, ते आपलं वाटलं तरच गाठ सोडी. मान थांबली तर लेखणीही थांबे.

पत्रमावशी पुढे खूप वर्षं लिहीत राहिली. सुंदर वाक्यं तिच्या मनात येतच. ती हसून त्यांना समुद्रावर सोडून देई.

बोध: दुसऱ्यासाठी लिहिणाऱ्याचं मोठेपण आपले शब्द त्याला देण्यात नसतं, त्याचे शब्द त्याला जपून परत देण्यात असतं.