आतली टोपली

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

फळं बोलायची त्या काळी एका दुकानात सीताफळांच्या दोन टोपल्या होत्या. एक दारात, येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी. दुसरी आत, निरोप धाडून घरपोच मागवणाऱ्यांसाठी, दुप्पट भावाची.

"बघा, स्वस्तातली चालली!" आतली फळं हसायची. पण दारातली टोपली संपली, तरी निरोप काही आला नाही.

तेव्हा आतल्या टोपलीच्या तळाचं फळ शेजारी टांगलेल्या तागडीला म्हणालं, "तागडीमावशी, माझे डोळे उघडलेत, साल मऊ पडलीय. उद्यापर्यंत मी टिकत नाही. मालकाला सांग, मला निम्म्या भावात दे."

"गप रे! तुझा भाव उतरला तर वरच्यांचाही उतरेल," तागडी म्हणाली.

तेवढ्यात दारात एक बाई आली. "सीताफळं संपली का हो?"

"संपली," मालक म्हणाला.

"आम्ही आहोत! आम्ही आहोत!" सगळी टोपली ओरडली. पण फळांचं बोलणं माणसांना कळत नसे. बाई निघून गेली. तळाचं फळ फुटलं, आणि त्याचा ओलावा हळूहळू वरच्या फळाला लागला.

मीही फळंच विकतो, आणि माझ्या दुकानातही अशी एक आतली टोपली असते. ही गोष्ट लिहिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं आणि आधी आतली टोपली दारात आणून ठेवली.